उंबऱ्यावरचा नान

बिश्केक, १४ सप्टेंबर २००३

माझ्या सोन्या कुंडुझ,

एर्मेकच्या टॅक्सीतून जी लाकडी पेटी येत आहे, ती आडवी ठेवू नकोस आणि तिच्यावर कोणाला बसू देऊ नकोस. आत माझे मिश्रणयंत्र आहे. तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना दंतसामग्री शिकवली. त्यातली शेवटची काही वर्षे हे यंत्र माझ्या मेजावर होते. निवृत्त बाईच्या स्वयंपाकघरात ते काय करणार? सारी-बुलाकमध्ये त्याची गरज आहे. तुझ्या आधी तिथे जे डॉक्टर होते त्यांच्याकडे एकच उपाय होता, पक्कड. म्हणून त्या गावातली माणसे चाळिशीतच गालफडे बसलेली दिसतात.

यंत्र वापरण्याआधी ते समजून घे. पांढऱ्या कुपीत दोन कप्पे आहेत. एकात बारीक दळलेली काच, दुसऱ्यात सौम्य आम्ल, आणि मध्ये पातळ पडदा. पडदा आहे तोवर दोन्ही वर्षभर सुखाने शेजारी राहतात. कुपी दाबलीस की पडदा फाटतो, आणि त्या क्षणापासून तुझा वेळ धावू लागतो. कुपी यंत्राच्या चिमट्यात अडकव. यंत्र तिला इतक्या वेगाने हलवते की डोळ्याला नुसता धूर दिसतो. थांबले की सिमेंट तयार, लगेच नळी लाव आणि दात भर. आम्ही शिकत होतो तेव्हा हेच काम जाड काचेवर पात्याने घोटून करायचो. काच थंड राहावी म्हणून ती खिडकीत ठेवायची, आणि तरी प्रत्येकाच्या हातचा लगदा वेगळा व्हायचा. यंत्राला मनःस्थिती नसते, कुंडुझ. त्याचे मला आजही नवल वाटते.

तू निघताना चावलेला नान मी फडक्यात बांधून कपाटावर ठेवला आहे. तू परत येऊन तो संपवीपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही. तुझी आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, रोज येऊन त्याच्याकडे पाहते आणि सुस्कारे टाकते. मी तिला चहा देते.

तुझी रिस्कान एझे


सारी-बुलाक, ५ ऑक्टोबर २००३

रिस्कान एझे, तुम्हाला सलाम.

पेटी आली. एर्मेक म्हणाला, "तुझ्या एझेने तीनदा फोन केला. मी माझ्या बायकोला दवाखान्यात नेलं तेव्हासुद्धा इतकं जपून गाडी चालवली नव्हती."

यंत्राचं नाव गावाने नाकतोडा ठेवलंय. आवाज ऐकायला पोरं खिडकीला नाक लावून उभी असतात. पहिल्या दिवशी गावातले वडीलधारे कालमुर्झा अक्सकाल आले, दाढी मांडीवर पसरून खुर्चीत बसले. म्हणाले, "पोरी, हा नाकतोडा माझ्या तोंडात सोडणार आहेस का?" मी म्हटलं, "नाही, तो बाहेरच उड्या मारणार." "मग ठीक. तोंडात आधीच जागा कमी आहे, बायको सगळी वापरते."

दवाखान्यातल्या सोनुन आपांबद्दल तुम्हाला सांगायचं राहिलं. झाडलोट त्या करतात, शेगडी त्या पेटवतात, आणि त्यांच्या तंदूरचा नान दाराजवळच्या तिवईवर फडक्यात झाकलेला असतो. जाणारा प्रत्येक माणूस तुकडा मोडून तोंडाला लावतो आणि दुवा देऊन बाहेर पडतो. त्या म्हणतात, "दवाखाना काय नि घर काय. उंबऱ्यावरून माणूस नानला तोंड न लावता गेला तर बरकत त्याच्या मागे चालत जाते." आधीच्या डॉक्टरांच्या वेळी दात काढल्यावर रक्ताळलेल्या तोंडाने कोणी खायचं नाही, तेव्हा त्यांना फार वाईट वाटायचं. आता खुशीत आहेत.

पण एझे, मी खुशीत नाही. पहिल्या आठवड्यात भरलेले दात उघडे पडायला लागलेत. कडा भुसभुशीत होऊन सिमेंट गळतंय. काल एका बाईने कागदात बांधून माझंच सिमेंट मला परत आणून दिलं. काय चुकतंय?

तुमची कुंडुझ


बिश्केक, १२ ऑक्टोबर २००३

कुंडुझ,

घाबरू नकोस. दोष सापडत नाही तोवर तो राक्षसाएवढा वाटतो, आणि सापडला की खिशात मावतो. आपण पद्धतशीर शोधू.

माझा पहिला संशय विजेवर आहे. संध्याकाळी गावभर चुली आणि दिवे एकदम लागले की दाब उतरतो. दाब उतरला की यंत्र मंद हलते, आणि मंद हलले की काचेच्या प्रत्येक कणाला आम्ल पोहोचत नाही. अर्धवट भिजलेले पीठ मळल्यासारखे होते. वरून गोळा दिसतो, आत कोरडे. उलट दाब फार चढला तर कुपी तापते आणि सिमेंट दातात बसण्याआधीच आवळू लागते.

म्हणून असे कर. प्रत्येक कुपीत शेवटी थोडे मिश्रण उरतेच. त्याचा गोळा खिडकीच्या कट्ट्यावर ठेव, कोणाचा ते खाली खडूने लिही. दुसऱ्या दिवशी खिळ्याने खरवड. भुकटी निघाली तर दोष मिश्रणात. खिळा घसरला तर मिश्रण निर्दोष, आणि शोध पुढे सरकवायचा. रुग्णाला "तासभर काही खायचे नाही" हे सांगतेस ना? सिमेंट वरून घट्ट दिसले तरी आतून सावरायला त्याला अवधी लागतो.

सोनुन आपांना माझा सलाम सांग. अशी बाई दवाखान्याला लाभणे भाग्याचे.

रिस्कान एझे


सारी-बुलाक, ९ डिसेंबर २००३

एझे,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला काही चांगलं असेल तेव्हाच लिहायचं ठरवलं होतं. मध्ये तसं होतंसुद्धा, पण आता नाही.

तुम्ही सांगितलेली परीक्षा घेतली. कट्ट्यावर गोळ्यांची रांग आहे, कालमुर्झा अक्सकाल त्यांना माझी मेंढरं म्हणतात. सगळे टणक. सकाळचे, संध्याकाळचे, वीज मिणमिणत असतानाचेही. खिळाच बोथट झाला. म्हणजे खिडकीतलं सिमेंट दगड आणि तोंडातलं सिमेंट माती. एकाच कुपीतलं. आणि हो, तासभर खाऊ नका हे मी प्रत्येकाला सांगते, दोनदा सांगते. सगळे मान डोलावतात.

एक विचित्र गोष्ट. ओरोझोच्या, म्हणजे रमजानच्या महिन्यात भरलेलं बहुतेक सगळं टिकलंय. तेव्हा वाटलं, हात बसला माझा. रोज्याच्या महिन्यात लोक येतील की नाही अशी भीती होती, पण मशिदीतल्या मोल्दोने सांगितलं की दात भरल्याने रोजा तुटत नाही, आणि लोक आले. सण झाला, आणि त्यानंतर भरलेले पुन्हा ढासळायला लागले. सोनुन आपा म्हणतात, "त्या महिन्यात फरिश्ते मदतीला असतात." मी त्यांना काय सांगू?

गावात आता म्हणतात, माझा हात हलका नाही, हाताला गुण नाही. एझे, इथे हे एकदा म्हटलं गेलं की पुसलं जात नाही. दवाखान्याचे प्रमुख इमानकुल बाइके परवा दारात उभे राहून म्हणाले, "कुंडुझ, पक्कडीने काढलेला दात निदान परत येत नव्हता."

कुंडुझ


बिश्केक, १६ डिसेंबर २००३

कुंडुझ,

तुझ्या ओरोझोच्या निरीक्षणाने मी दोन दिवस आनंदात आहे. अपवाद सापडणे म्हणजे कुलपाचे भोक सापडणे. फरिश्त्यांना त्यांच्या कामावर राहू दे, आपण हवेकडे पाहू. नोव्हेंबरात थंडी पडली होती, पण शेगडी अजून जोरात पेटत नसणार. थंड खोलीत सिमेंट सावकाश आवळते आणि दाताला नीट धरते. आता शेगडी लाल होत असेल, म्हणून मिश्रण घाईत आवळत असेल. कुप्या दाराबाहेरच्या थंड खोलीत ठेव.

यानेही फरक पडला नाही तर एकच शक्यता उरते, आणि ती लिहिताना मला संकोच होतो. गोळे टणक आहेत म्हणजे यंत्र निर्दोष आहे. मग दोष दात कोरडा करण्यात किंवा भरण्यात असणार, म्हणजे हातात. यात लाज नाही, हात शिकवता येतो. इथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दवाखान्यात जागा आहे. वर्षभर त्याच्या शेजारी उभी राहिलीस तर सगळे बसेल. तुझ्या आईलाही बरे वाटेल. विचार कर.

रिस्कान एझे


सारी-बुलाक, २५ जानेवारी २००४

रिस्कान एझे,

कुप्या थंड खोलीत ठेवून पाहिल्या. फरक नाही.

तुमचं पत्र मी बऱ्याचदा वाचलं. तुम्ही बरोबर असाल. यंत्र फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलंय. गेल्या आठवड्यात शाळेतल्या गणिताच्या झाइना मुअल्लिम आल्या. पुढून दुसरा दात, सहज वाचला असता. त्या म्हणाल्या, "भर ना, मुलांसमोर उभं राहायचं असतं." मी म्हटलं, भरलेला टिकणार नाही, आणि काढला. आता त्या तोंडावर हात धरून शिकवतात. काल शाळेवरून गेले तर खिडकीतून दिसलं, फळ्याकडे तोंड करूनच बोलत होत्या.

इमानकुल बाइकेंनी सांगितलंय, मार्चमधल्या नोरुझच्या सणानंतर ही खोली लशींच्या शीतपेटीसाठी देणार. "तुझा दोष नाही, पण लोक येत नाहीत," म्हणाले. दोष नाही म्हणताना माणूस जसा जमिनीकडे बघतो तसे बघत होते.

तुमच्या त्या विद्यार्थ्याला माझं नाव सांगा. मी नोरुझनंतर येते.

कुंडुझ


बिश्केक, ३ फेब्रुवारी २००४

कुंडुझ,

मी त्याला तुझे नाव सांगितलेले नाही, आणि सांगणार नाही. हे पत्र बसून वाच.

काल सकाळी मी साखरेसाठी रक्त द्यायला गेले. उपाशीपोटी यायचे होते. परिचारिकेने विचारले, "एझे, काही खाल्लंत?"

"काहीही नाही," मी म्हणाले.

"चहा?"

"घोटभरही नाही. मी स्वतः वैद्यकाच्या संस्थेत शिकवलेले आहे."

ती माझ्या गळपट्टीकडे पाहत होती. "मग हे काय?" तिने बोटाने कण उचलला. नानचा.

"ते खाणे नव्हे," मी म्हणाले. "निघताना शेजारणीने दारात नान धरला. तोंड लावले एवढेच."

ती हसली. "एझे, रोज दहा जण हेच सांगतात. कोणीच खाल्लेलं नसतं. नानला मात्र सगळ्यांनी तोंड लावलेलं असतं."

मी तिथेच बाकावर बसले. मला तुझी तिवई दिसली, ऑक्टोबरपासून माझ्या डोळ्यांसमोर असलेली. तू खुर्चीतून उठवून ज्याला "तासभर खाऊ नका" सांगतेस तो खरोखरच खात नाही. तो उंबऱ्यावर फक्त नानला तोंड लावतो. हिवाळ्यातला, कडक झालेला नान. चार पावलांपूर्वी भरलेल्या दाताखाली. आणि सांगणारी तू आणि विचारणारी मी, आपण दोघीही याच मातीच्या, म्हणून आपल्यालाही ते खाणे वाटले नाही. परक्या मुलखातल्या कोणी पहिल्याच दिवशी विचारले असते.

ओरोझोच्या महिन्यात काय वेगळे होते? हवा नाही. रोजा असलेला माणूस उंबऱ्यावर हात छातीवर ठेवून नुसता दुवा देतो आणि जातो. तू आठवून पाहा. त्या महिन्यातही ज्यांचे गळले, ते रोजा न ठेवणारे होते का?

तुझ्या हातावर मी संशय घेतला. तो मी परत घेते. एवढी वर्षे मी शिकवले की अपवादाकडे आपल्या मताचे ओझे न घेता पाहावे, आणि स्वतः मात्र हवामान घेऊन बसले.

आता खरे अवघड काम तुझ्यापुढे आहे. मिश्रणाचे सगळे शास्त्र एका गोष्टीवर उभे आहे: कोणती गोष्ट कोणत्या क्षणापर्यंत वेगळी ठेवायची. पण नान दारातून उचल असे मी तुला सांगू शकत नाही. नान कुठून उचलायचा असतो का? सोनुन आपांशी बोल. कसे, ते मला माहीत नाही. ते मी कधी शिकवलेले नाही.

रिस्कान एझे


सारी-बुलाक, २२ फेब्रुवारी २००४

एझे,

आठवलं. ओरोझोत गळलेले दोघे, एक एर्मेक, जो प्रवासात आहे म्हणून रोजा ठेवत नाही, आणि दुसरी बाळंतीण. बाकी सगळे टिकले. तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग शेगडीपाशी बसून रडले. हात हलकाच होता माझा.

सोनुन आपांना सांगायला मला तीन दिवस लागले. त्या राख काढत होत्या. मी सगळं सांगितलं, जमेल तितकं हळू. त्यांनी झाडणी खाली ठेवली.

"म्हणजे माझ्या नानने लोकांचे दात मोडले."

"नानने नाही आपा. घाईने."

"नान कधी घाई करत नाही. घाई तुझ्या त्या नाकतोड्याला असते."

दुसऱ्या दिवशी तिवई रिकामी होती. नुसतं फडकं, घडी घातलेलं. मी बाहेर पडताना मला माझेच पाय अडखळल्यासारखे वाटले. एक म्हातारी औषध घेऊन निघाली, तिवईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "कोण गेलं?" त्या दिवशी मला वाटलं, दात राहू देत, खोली जाऊ दे, पण हे असं नको.

तिसऱ्या दिवशी आपा सकाळीच आल्या. कुशीत गरम नान, हातात खिळे आणि हातोडी. म्हणाल्या, "माझा मोठा सैन्यात गेला तेव्हा काय केलं होतं?"

"नान चावून गेला असेल."

"आणि उरलेला?"

"भिंतीवर. तो येईपर्यंत."

"आला का?"

"आला आपा. मागच्या महिन्यात त्याचीच दाढ तपासली मी."

"मग. ज्याला परत यायचंय त्याचा नान भिंतीला लागतो. तुझ्या लोकांना तू काय सांगतेस, तीन आठवड्यांनी दाखवायला या? येतात?"

"नाही येत."

"आता येतील."

तेव्हापासून असं चालतं. माणूस खुर्चीत बसायच्या आधी उंबऱ्यावर नान चावतो, चूळ भरतो, मग बसतो. उरलेला तुकडा आपा कापडाच्या पिशवीत घालून, नाव टाचून खिळ्याला लावतात. तपासायला आला की तो संपवायचा. जाताना छातीवर हात, दुवा, आणि बाहेर. कोणाला अपमान वाटत नाही, कारण नानला तोंड लागलेलं असतं. कुपीतला पडदा तोच, एझे, फक्त जागेवर आला.

कालमुर्झा अक्सकाल पहिले. म्हणाले, "सोनुन, मी दात भरायला आलोय का लढाईला निघालोय?"

"तुमचं तोंड बघता लढाईच आहे ती. चावा."

मग इमानकुल बाइके खोली मोजायला आले, फीत घेऊन. आपांनी नान पुढे केला. नानला नाही कोण म्हणणार? त्यांनी चावला. आपांनी पिशवीवर नाव टाचलं आणि म्हणाल्या, "आता बसा." ते म्हणाले, "मला काही झालेलं नाही." मी तोंड बघितलं. दोन दाढा किडलेल्या. यंत्र फडक्यातून काढलं. फीत खिडकीत तुमच्या गोळ्यांशेजारी राहिली आहे, अजून न्यायला आले नाहीत. त्यांचा नान पाचव्या खिळ्यावर आहे, म्हणजे तो आहे तोवर ही खोली कोणाला देता येत नाही, असं आपांचं म्हणणं.

झाइना मुअल्लिमना मी घरी जाऊन सांगितलं. त्या तोंडावर हात धरून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "गणितात चूक सापडली की उत्तर बदलता येतं. इथे नाही." आणि थोड्या वेळाने, "शेजारचा दातही काळा पडतोय." परवा आल्या, नान चावला, बसल्या. तो दात वाचला. गेलेल्याच्या जागी मी बिश्केकहून कृत्रिम दात बनवून घेणार आहे, तुम्ही कोणाकडे द्यायचा ते सांगा. तोवर त्या फळ्याकडेच बघून शिकवणार. ते माझ्या नावावर आहे.

नोरुझनंतर मी येत नाहीये. आईला कसं सांगायचं तेवढं तुमच्यावर.

तुमची कुंडुझ


बिश्केक, १२ मार्च २००४

माझ्या सोन्या कुंडुझ,

झाइना मुअल्लिमच्या दाताचा साचा एर्मेकबरोबर पाठव. माझ्या ओळखीचा कारागीर आहे, रंग जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. साचा घेताना दोन नळ्यांचा लगदा एकजीव कर, त्यात पट्टे दिसता कामा नयेत. पट्टा दिसला की समज, मिश्रण अपुरे आहे. पण हे तुला ठाऊक आहे. सवय जात नाही.

आता मी लपवलेली एक गोष्ट. त्या विद्यार्थ्याला तुझे नाव सांगितलेले नाही असे मी लिहिले, ते खरे नव्हते. तू पेटी उघडायच्या आधीच, सप्टेंबरात बोलून ठेवले होते. इथे तुझी खोलीही रंगवून घेतली होती, निळी. मी तुला यंत्र पाठवले आणि त्याच वेळी तू हरून परत येशील याची व्यवस्था केली. दोन्ही प्रेमानेच केले. पण या दोन गोष्टी एका कुपीत ठेवायच्या नसतात.

तुझ्या आईला मी सांगितले. ती रडली, मग तिने विचारले, "तिच्याकडे पडदे आहेत का खिडकीला?" म्हणून मी पडदे घेऊन येत आहे. मी नोरुझला येत आहे, एर्मेकच्या गाडीतून. त्याला सांगितले आहे, या वेळी पेटी नाही, तरी हळू चालव.

कपाटावरचा तुझा नान बरोबर आणते. दगड झाला आहे, खिळ्याने खरवडून पाहिला, खिळा घसरला. चहात भिजवू. तो संपवायला तुला आता बिश्केकला यावे लागणार नाही. तुझ्या खोलीत, तुझ्या शेगडीपाशी संपव.

आणि सोनुन आपांना सांग, माझी एक दाढ वर्षभर दुखत आहे. शहरात पुष्कळ डॉक्टर आहेत, सगळे माझेच विद्यार्थी, पण मी कोणाला दाखवली नाही. तुझ्या खुर्चीत बसण्याआधी मी उंबऱ्यावर त्यांच्या नानला तोंड लावीन. उरलेल्यावर माझे नाव टाचून तो भिंतीवर राहू द्या.

तुझी रिस्कान एझे